नेटवर्कचा नकाशा: सॉफ्टवेअर निवडण्याआधी स्विच पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधलं सीए ऑफिस, दोन मजले, २२ कॉम्प्युटर, ३ प्रिंटर, ८ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि दारापाशी हजेरीचं यंत्र. हे सगळं सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून गेला, मागे एक कागदही ठेवला नाही, आणि आता सरांनी तुम्हाला नेटवर्कचा नकाशा करायला सांगितलाय. तो आपोआप काढून देणारं, शक्यतो फुकटातलं सॉफ्टवेअर कोणतं, असं तुम्ही विचारताय.

मी वीस वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात हेच काम करतो. सीए ऑफिसं, पतसंस्था, दवाखाने, सूतगिरणीची ऑफिसं. तुमच्यासारखी परिस्थिती दर दोन-तीन महिन्यांनी समोर येते, म्हणून सॉफ्टवेअरच्या नावाआधी थोडं मागे जाऊन सांगतो.

सरांना नकाशा कशाला हवाय? भिंतीवर लावायला नक्कीच नाही. उद्या सकाळी वरच्या मजल्यावर टॅली उघडेना झाली, तर कुठल्या डब्याकडे धावायचं आणि कुठली वायर हलवून बघायची, हे त्यांना कळायला हवंय. म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. नेटवर्कवर कोण कोण आहे, हा पहिला. कुणाची वायर कुठून कुठे जाते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर फुकटातलं सॉफ्टवेअर अर्ध्या तासात देतं. दुसऱ्याचं उत्तर सॉफ्टवेअर देईल की नाही, हे तुमच्या ऑफिसात स्विच, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारे डबे, कोणते बसवलेत त्यावर ठरतं. तेव्हा काही डाऊनलोड करायच्या आधी स्विच पालथे करून त्यांचे मॉडेल नंबर लिहून घ्या.

स्विच ढोबळमानाने दोन प्रकारचे. मॅनेज्ड स्विचला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, असतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिनचं पान उघडतं आणि आत मॅक अॅड्रेसचं (मॅक म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख-नंबर) टेबल सापडतं, म्हणजे कुठल्या पोर्टवर (वायर लावायच्या खाचेवर) कुठलं यंत्र आहे त्याची यादी. नकाशा 'आपोआप' काढणारी सॉफ्टवेअरं हीच यादी एसएनएमपी या पद्धतीने स्विचकडून मागून घेतात. शिवाय असे स्विच एलएलडीपी या पद्धतीने आपली ओळख शेजारच्या स्विचला सांगत असतात. साधारण दर ३० सेकंदांनी 'मी अमुक स्विच, माझं हे पोर्ट' असा निरोप वायरवरून जातो. हे प्रमाण आयईईई या तांत्रिक प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २००५ साली ठरवलं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विचसुद्धा एकमेकांना ओळखतात. या दोन गोष्टी जुळवून सॉफ्टवेअर चित्र काढतं. त्याला दुसरा कुठलाही डोळा नसतो.

साधा, म्हणजे अनमॅनेज्ड स्विच यातलं काहीच करत नाही. त्याला आयपी नाही, कुणी विचारलं तर तो बोलत नाही, एका पोर्टवर आलेलं दुसऱ्या पोर्टने पुढे पाठवतो आणि गप्प बसतो. महागातलं महाग सॉफ्टवेअर आणलंत तरी तो त्यात दिसणार नाही. आणि आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत बहुतेक ठिकाणी हेच पाच आणि आठ पोर्टचे डबे बसवलेले असतात, टेबलाखाली, कपाटामागे, फॉल्स सीलिंगच्या वर.

फॉल्स सीलिंगवरून एक प्रसंग सांगतो, कारण मी सॉफ्टवेअरवर किती भरवसा ठेवतो हे त्यावरून कळेल. एका तालुक्याच्या गावची पतसंस्था. काउंटरच्या मागचे चार कॉम्प्युटर अधूनमधून नेटवर्कमधून जायचे आणि आपोआप परत यायचे. सहा महिन्यांत त्यांनी चारही मशीनची नेटवर्क कार्डं बदलली, एकदा राउटर बदलला. मी गेलो तेव्हा स्कॅन केला, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी सॉफ्टवेअरने काढली, ३१ यंत्रं दिसली, सगळी धडधाकट. रॅकमधल्या स्विचवर मात्र काउंटरच्या बाजूने एकच वायर येत होती. एक वायर आणि चार कॉम्प्युटर, म्हणजे मध्ये कुठेतरी डबा असणारच. स्टूल घेऊन सीलिंगच्या फरश्या एकेक उचलत गेलो. चहाच्या खोलीच्या वर आठ पोर्टचा स्विच बांधकामाच्या तारेने पत्र्याच्या पट्टीला बांधलेला होता, वर धुळीचा बोटभर थर. त्याच्या अॅडॉप्टरची वायर एक्झॉस्ट फॅनच्या पॉइंटमधून घेतलेली. चहा झाला की मावशी फॅनचं बटण बंद करायच्या आणि चार कॉम्प्युटर जायचे. जेवणाच्या वेळी फॅन लागला की परत यायचे. स्कॅनरच्या यादीत तो स्विच कधीच आला नसता. एक वायर आणि चार यंत्रं हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा तो सापडला.

हाच हिशेब तुम्हीही मांडायचा आहे. तुमचा मुख्य स्विच मॅनेज्ड निघाला तर काम खूपच सोपं होतं. मॅक टेबलमध्ये एका पोर्टवर एकच मॅक दिसला तर ती वायर थेट त्या यंत्राला जाते. एकाच पोर्टवर पाच-सहा मॅक दिसले तर त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला साधा स्विच किंवा वायफायचा अॅक्सेस पॉइंट आहे, जा आणि शोधा.

आता पहिल्या प्रश्नाकडे, कोण कोण आहे. विंडोजवर अॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर फुकट आहे आणि शिकायला दहा मिनिटं पुरतात. अँग्री आयपी स्कॅनर मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिनक्स आणि मॅकवरही चालतं. मी स्वतः एनमॅप वापरतो. ते १९९७ पासून आहे, आजही त्यावर काम चालू आहे, आणि कमांड टाइप करायची सवय नसेल तर त्याचा झेनमॅप नावाचा खिडक्या-बटणांचा चेहरा आहे. त्यात 'पिंग स्कॅन' हे प्रोफाइल निवडा, टार्गेटमध्ये १९२.१६८.१.०/२४ असा तुमचा पट्टा टाका (तुमचा आकडा वेगळा असू शकतो, राउटरच्या पत्त्यावरून कळेल) आणि चालवा. या एका पट्ट्यात २५४ पत्ते मावतात, म्हणजे तुमच्या ऑफिसला भरपूर.

एनमॅप मला आवडण्याचं कारण सांगतो. विंडोजचं फायरवॉल बऱ्याचदा पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देत नाही, त्यामुळे नुसत्या पिंगवर विसंबणारा स्कॅनर चालू असलेलं मशीन 'नाही' म्हणून सोडून देतो. एनमॅप एकाच नेटवर्कवर असताना एआरपीने विचारतं, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' अशी हाळी देतं. तिला ओ दिल्याशिवाय कुठल्याच यंत्राला नेटवर्कवर बोलता येत नाही, त्यामुळे लपायला जागा उरत नाही. विंडोजवर ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

झेनमॅपमध्ये 'टोपोलॉजी' नावाचं पानही आहे. ते उघडून बरेच जण खूश होतात आणि तेच प्रिंट करून साहेबांना देतात. तसं करू नका. तुमचं सगळं ऑफिस एकाच पट्ट्यात असल्यामुळे मध्ये तुमचा कॉम्प्युटर आणि भोवती गोलाकार बाकीची यंत्रं, एवढंच त्यात दिसेल. कुठली वायर कुठल्या स्विचला, याचा त्या चित्राशी काही संबंध नाही.

स्कॅन एकदा करून थांबू नका. कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता एक आणि ऑफिस बंद झाल्यावर रात्री एक, असे दोन करा. दिवसाच्या यादीतून रात्रीची यादी वजा केली की माणसांची यंत्रं वेगळी पडतात. रात्री जे जागं राहतं ते डीव्हीआर, हजेरीचं यंत्र, सर्व्हर, आणि कधी कधी कुणाला माहीतच नसलेलं काहीतरी. मग राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी लीजची, म्हणजे राउटरने आपोआप वाटलेल्या आयपी पत्त्यांची, यादी काढा आणि तीही शेजारी ठेवा. स्कॅनमध्ये आहे पण लीजमध्ये नाही, अशा यंत्राला बहुधा हाताने पक्का आयपी दिलेला असतो. टॅलीचं मुख्य मशीन, प्रिंटर, डीव्हीआर यांत सापडतील. हे आकडे आधी लिहून ठेवा, कारण राउटर बदलायची वेळ आली की यांच्यावरूनच रडारड होते.

यादी वाचताना काही ठिकाणी फसगत होते, ती आधीच सांगून ठेवतो. तुमच्याकडे डीव्हीआर आहे म्हणता. तो खरंच डीव्हीआर असेल तर कॅमेरे त्याला कोअॅक्सियल वायरने थेट जोडलेले असतात आणि नेटवर्कवर फक्त एक डबा दिसतो. तो एनव्हीआर निघाला तर कॅमेरे आयपीचे असतात आणि प्रत्येक कॅमेरा वेगळा दिसू शकतो. त्यातही कॅमेरे एनव्हीआरच्याच पाठच्या पीओई (त्याच वायरीतून वीजही देणाऱ्या) पोर्टमध्ये लावले असतील तर ते पुन्हा त्याच्या आडोशाला लपतात. ८ कॅमेरे दिसले नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका, आधी मागची बाजू बघा.

मोबाइलचंही तसंच. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी ओळखता येते, आणि स्कॅनर ती दाखवतो. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न देता बनवलेला देतात. ओळखायची खूण अशी: पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक बनवलेला आहे. असे पत्ते 'कर्मचाऱ्यांचे फोन' या एका ओळीत टाका, एकेकाच्या मागे लागू नका. मात्र असा पत्ता रात्री दोन वाजताही दिसत असेल तर त्याच्या मागे जरूर लागा.

आणि प्रिंटर. बरेच प्रिंटर ९१०० या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे वायरीची खाच नव्हे, यंत्राच्या आतल्या सेवेचा नंबर) जे येईल ते इमानेइतबारे छापतात. एनमॅपला हे ठाऊक आहे, म्हणून सेवा ओळखण्याच्या तपासात ते ९१०० ते ९१०७ हे पोर्ट स्वतःहून वगळतं. सगळीच साधनं एवढी काळजी घेत नाहीत. 'सगळे पोर्ट कसून तपासा' असलं बटण दाबलंत, तर सकाळी प्रिंटरच्या ट्रेमध्ये अगम्य अक्षरांच्या पानांची थप्पी मिळू शकते. तुम्हाला फक्त यादी हवी आहे, कसून तपासणीची गरज नाही.

आता वायरींचं काम. यात सॉफ्टवेअर नाही, दोन माणसं, टॉर्च, लेबलं आणि एक संध्याकाळ लागते. टोनर (प्रिंटरचा नव्हे, वायर शोधायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. एका टोकाला सूर देणारा डबा लावायचा आणि रॅकपाशी दुसऱ्याने काडी फिरवायची, जी वायर वाजेल ती आपली. टोनर नसेल तर लॅपटॉपवरून एका कॉम्प्युटरला सतत पिंग लावून ठेवा आणि रॅकमधली एकेक वायर काढून लगेच परत लावा. ज्या वायरीला पिंग तुटलं ती त्याची. हे ऑफिस सुटल्यावरच करा, आणि टॅली सगळ्यांनी नीट बंद केली आहे याची खात्री करून मगच. एन्ट्री चालू असताना नेटवर्क गेलं तर कंपनीचा डेटा बिघडण्याची भीती असते. त्याआधी बॅकअप घ्या. रिटर्नच्या किंवा टॅक्स ऑडिटच्या मुदतीच्या आठवड्यात तर रॅकला हातच लावू नका, कितीही रिकामी संध्याकाळ दिसली तरी.

वायर सापडली की लगेच तिच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावा. 'मॅडमचं टेबल' असं लिहू नका, टेबलं हलतात, माणसं बदलतात. वरचा मजला २०१ पासून, खालचा १०१ पासून, एवढी साधी पद्धत पुरते. हाताने लिहिलेली चिकटपट्टी रॅकच्या उष्णतेत गळून पडते, म्हणून छापलेली लेबलं वापरा. सगळं झाल्यावर एखादी वायर अशी उरेल जिची दोन्ही टोकं स्विचमध्येच आहेत. ती काढण्याआधी नीट बघा. साध्या स्विचच्या दोन पोर्टांत एकच वायर अडकवली तर सगळं नेटवर्क काही क्षणांत बसतं. पण दोन स्विचमधली ती एकमेव जोडणीही असू शकते.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. माझ्या शीटचे रकाने असे: जागा, भिंतीवरच्या आयओचा (नेटवर्कच्या सॉकेटचा) नंबर, पॅच पॅनलचं (रॅकमध्ये भिंतीतल्या वायरी येऊन मिळतात त्या पट्टीचं) पोर्ट, स्विच आणि त्याचं पोर्ट, यंत्र, मॅक, आयपी, तो पक्का की डीएचसीपीचा, आणि शेवटी तपासल्याची तारीख. मला विचाराल तर खरा नकाशा हाच. चित्र त्याच्यावरून काढायचं.

चित्रासाठी ड्रॉ डॉट आयओ घ्या. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कॉम्प्युटरवर उतरवूनही वापरता येतं, फाइल तुमच्याच फोल्डरमध्ये राहते आणि राउटर-स्विचची तयार चित्रं आत आहेत. मायक्रोसॉफ्टचं व्हिजिओ चांगलं आहे, पण ऑफिसात आधीपासून असेल तरच वापरा. इथे मी एकच कसोटी लावतो: तुम्हीही उद्या नोकरी बदलाल, तेव्हा तुमच्या जागी येणाऱ्याला ही फाइल उघडून बदलता आली पाहिजे. तुमच्या नावावरचा परवाना किंवा तुमच्या ईमेलवर उघडलेलं ऑनलाइन खातं असेल, तर ऑफिस पुन्हा आजच्याच जागी येईल. दोन पानं काढा. एका पानावर दोन्ही मजल्यांचा आराखडा आणि त्यात स्विच, आयओ, रॅक कुठे आहेत ते. दुसऱ्या पानावर इंटरनेटच्या फायबरपासून राउटर, स्विच, टॅलीचं मशीन अशी साखळी. प्रत्येक स्विचला वीज कुठल्या पॉइंटवरून येते आणि तो यूपीएसवर आहे का, हेही लिहा. त्या पतसंस्थेनंतर मी ही ओळ कधीच सोडलेली नाही.

मोठ्या सॉफ्टवेअरांविषयी तुम्ही वाचलं असेल, म्हणून त्यांच्याबद्दलही सांगतो. लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि एलएलडीपी-एसएनएमपीवरून जोडण्या स्वतः शोधतं, पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि मॅनेज्ड स्विच लागतात. चार-पाच मॅनेज्ड स्विच किंवा दुसरी शाखा असेल तेव्हा त्याचा विचार करा. राउटर मायक्रोटिकचा असेल तर त्यांचं 'द ड्यूड' फुकट मिळतं आणि बरं आहे. सगळे राउटर-स्विच युनिफाय किंवा ओमाडा या एकाच ब्रँडचे असतील तर त्यांच्या कंट्रोलरमध्येच नकाशा तयार मिळतो, मात्र तो मुख्यतः आपल्याच कंपनीच्या डब्यांचा. नेटबॉक्सचं नाव खूप ऐकू येतं. ते नोंदी ठेवण्याचं उत्तम साधन आहे, पण नेटवर्कवर फिरून स्वतः काही शोधत नाही, आणि २२ कॉम्प्युटरला ते फार होतं. विकतची मॅपिंग सॉफ्टवेअरं तुमच्या ऑफिससाठी मी घेणार नाही. सर पैसे खर्च करायला तयार असतील तर त्यांना सांगा की त्या पैशात प्रत्येक मजल्यावर एक मॅनेज्ड स्विच घेऊ. त्याने नकाशाही मिळेल आणि नेटवर्कही सुधारेल.

सुरक्षेबद्दल काही गोष्टी पाळाच. स्कॅन करायच्या आधी सरांकडून एका ओळीचा का होईना, लेखी होकार घ्या. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि इमारतीत शेजारच्या ऑफिसचं वायफाय चुकून तुमच्या पट्ट्यात आलं तर तुमची बाजू स्पष्ट असायला हवी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातींतून याच स्कॅनरांच्या बनावट, व्हायरस घातलेल्या प्रती पसरवल्या गेल्या आहेत. आणि मॅनेज्ड स्विच असेल तर एसएनएमपीचा परवलीचा शब्द 'पब्लिक' असाच ठेवलेला नाही ना, ते बघा. जुन्या आवृत्त्यांत तो वायरवरून उघडा जातो, म्हणून तिसरी आवृत्ती चालत असेल तर तीच लावा. नकाशात पासवर्ड लिहू नका. रॅकच्या दारावर मजल्यांचं पान चालेल. आयपी असलेलं पान आणि एक्सेल शीट सरांच्या कपाटात. तुमच्याकडे लोकांचे पॅन आणि बँकेचे कागद आहेत, त्यामुळे ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

सुरुवात स्विचपासून करा. मॉडेल नंबर, किती पोर्टवर लाईट लुकलुकतोय, आणि दोन मजल्यांमध्ये किती वायरी जातात, एवढं लिहून पाठवा. त्यावरून तुमचं काम एका संध्याकाळचं आहे की दोन, आणि टोनर भाड्याने आणावा लागेल का, ते मी सांगतो.